गृहपाठ झाला, अभ्यासाचं काय?

शाळांमधून सध्या एक नवीच तक्रार ऐकू येते आहे. पूर्वी बाई म्हणायच्या, 'मुलं गृहपाठ करून आणत नाहीत.' आता म्हणतात, 'सगळ्यांचा गृहपाठ पूर्ण असतो, शुद्धलेखनाची चूक शोधून सापडत नाही. पण वर्गात उभं करून विचारलं तर त्याच निबंधातली दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत.' 'माझी आई' हा तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा निबंध. तो आता चाळीस वह्यांत चाळीस प्रकारे लिहिलेला असतो, पण आई मात्र एकच असते. वात्सल्याची मूर्ती, त्यागाचं प्रतीक, कुटुंबाचा आधारस्तंभ! त्यातली कुणाचीच आई विड्या वळत नाही. कुणाची शेतमजुरीला जात नाही, कुणाची रात्री शिलाई मशीनवर बसत नाही आणि कुणाची कधी चिडत तर मुळीच नाही. कारण हा निबंध मुलांनी लिहिलेलाच नसतो. मोबाईलमधल्या यंत्रानं लिहिलेला असतो, मुलांनी नुसता उतरवून काढलेला असतो.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजणींना वाटतं की हा विषय शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांचा. तसं आता राहिलेलं नाही. ज्या घरात एक स्मार्टफोन आणि थोडा डेटा आहे, त्या घरात हे यंत्र येऊन बसलेलं आहे. म्हणून त्याची जरा नीट ओळख करून घेऊ या.

अमेरिकेतल्या ओपनएआय या कंपनीनं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुलं केलं. त्यामागून गूगलचं 'जेमिनाय' आलं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे निळसर गोल दिसतं, तेही याच जातकुळीतलं. याला म्हणतात जनरेटिव्ह एआय, म्हणजे मजकूर किंवा चित्रं नव्यानं तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रश्न विचारा, ते उत्तर लिहून देतं. गणिताच्या उदाहरणाचा फोटो टाका, पायऱ्यांसकट सोडवून देतं. मराठीत विचारा, मराठीत सांगतं.

हे त्याला जमतं कसं? आपण नुसतं 'चूल आणि' म्हटलं, तर ऐकणारीच्या तोंडून 'मूल' आपोआप बाहेर पडतं. का? कारण हे दोन शब्द आपण जन्मभर जोडीनं ऐकलेले आहेत. यंत्रही काहीसं असंच करतं. अब्जावधी वाक्यांवरून त्यानं शब्दांच्या जोड्या, ओळी, वळणं टिपून ठेवलेली असतात आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करत ते पुढे पुढे लिहीत जातं. तुमची-आमची आई त्यानं पाहिलेली नाही. ओढ्याचं पाणी त्यानं चाखलेलं नाही. एमिली बेंडर, तिम्नित गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एका शोधनिबंधात अशा यंत्रांना चक्क पोपटाची उपमा दिली होती. आपल्याकडे न समजता पाठ म्हणणाऱ्याला 'पोपटपंची' म्हणतातच की! फरक इतकाच, की हा पोपट फार हुशारीनं बोलतो, त्यामुळे तो पोपट आहे हेच विसरायला होतं.

यावर कुणी म्हणेल, 'आमच्या वेळी काय गाईडं नव्हती? निबंधाची पुस्तकं नव्हती? आम्हीही उतरवूनच काढायचो.' मुद्दा बरोबर आहे. पाठांतराला अभ्यास समजायची सवय आपल्या शिक्षणाला एआयनं लावलेली नाही, ती आधीपासूनच होती. परीक्षेत छापील उत्तराला पैकीच्या पैकी आणि मुलाच्या मनातल्या उत्तराला काट, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण गाईडात पन्नास निबंध असायचे, एक्कावन्नावा विषय आला की डोकं चालवावंच लागायचं. शिवाय सगळी मुलं एकाच गाईडातून उतरवायची, त्यामुळे बाईंना ते एका नजरेत कळायचं. हे यंत्र प्रत्येक वेळी नवं लिहून देतं. विषय कुठलाही असो, डोकं चालवायची वेळ म्हणून येऊ देत नाही.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. अभ्यास म्हणजे पूर्ण झालेली वही नव्हे. वही भरताना मुलाच्या डोक्यात जी उलथापालथ होते ती म्हणजे अभ्यास. लेकीला पोळी शिकवताना आपण काय करतो? पहिल्या पोळ्या नकाशासारख्या होतात, एखादी करपते, एखादी पोळपाटाला चिकटते. तेव्हा लाटणं आपल्या हातात घेतलं तर पोळ्या भराभर आणि गोल होतील, यात शंका नाही. पण लेकीचा हात कधीच बसणार नाही. निबंधाचं पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून पेन्सिल चावत बसणं, खोडणं, पुन्हा लिहिणं, हा हात बसण्याचाच काळ असतो. यंत्र नेमका तोच काळ वाचवून देतं.

ही नुसती माझ्यासारख्या घरात बसून विचार करणारीची शंका नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर एक प्रयोग झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२४ मध्ये मांडला. विषय गणिताचा होता. काही मुलांनी नेहमीसारखं वही-पुस्तक घेऊन सराव केला. काहींना चॅटजीपीटीसारखं यंत्र दिलं. काहींना शिक्षकांच्या मदतीनं बदललेलं यंत्र दिलं, जे थेट उत्तर न देता फक्त पुढची वाट सुचवायचं. सरावाच्या वेळी साधं यंत्र वापरणाऱ्यांनी ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. पालक खूश होतील असाच आकडा! पण नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं, ज्यांना यंत्र कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. त्यातही गंमत म्हणजे आपण कमी शिकलो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. इशारे देणाऱ्या यंत्राची मुलं सरावात तर आणखीच पुढे गेली होती. परीक्षेत त्यांचं नुकसान जवळपास टळलं, पण वही-पुस्तकवाल्यांच्या पुढे तीही गेली नाहीत.

हा प्रयोग मला फार बोलका वाटतो. यंत्र वाईट किंवा चांगलं, असा सोपा निकाल तो देत नाही. तयार उत्तर हातात दिलं तर मूल अधू होतं, आणि वाट दाखवली तर निदान तसं होत नाही, एवढं तो सांगतो. पूर्वीच्या चांगल्या शिकवणाऱ्या बाई हेच करायच्या. उत्तर माहीत असूनही सांगायच्या नाहीत. 'बघ पुन्हा एकदा वाचून,' एवढंच म्हणायच्या.

आता शिक्षकांची बाजूही पाहायला हवी. ही वही मुलानं लिहिली की यंत्रानं, हे त्यांनी ओळखायचं कसं? 'ते ओळखणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे,' असं कुणीतरी सांगतं. त्याची हकीकत ऐका. खुद्द ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर बरोबर ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा म्हणून सांगितला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते गुपचूप मागे घ्यावं लागलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्येच अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध तपासायला दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले! कारण काय, तर साधे शब्द आणि सरळ वाक्यं. आपली मराठी माध्यमातली मुलगी डिक्शनरी शेजारी ठेवून, जीव ओतून जे इंग्रजी लिहिते, ते असंच साधं आणि सरळ असतं. उद्या कॉलेजात गेल्यावर तिच्यावर कॉपीचा शिक्का बसला, तर तिनं दाद कुणाकडे मागायची? यंत्रानं चोरी करायची, यंत्रानंच चोर पकडायचा आणि शिक्षा मात्र प्रामाणिक मुलीला, असं व्हायला नको.

शिक्षकांच्या हातीही हे यंत्र आलेलं आहेच. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं यात शिक्षकांचा किती वेळ जातो, हे आपण गावात राहून रोज पाहतो. अशा वेळी प्रश्नपत्रिका किंवा अहवाल यंत्राकडून करून घेतला, तर त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण थोडं पुढे पाहा. प्रश्न यंत्रानं काढले, उत्तरं यंत्रानं लिहिली आणि तपासलीही यंत्रानंच, तर या सगळ्यात शिकलं कोण? शाळेची घंटा मग कशासाठी वाजवायची?

दुसरी काळजी खऱ्या-खोट्याची. हे यंत्र अडखळत नाही. माहीत नसलं तरी ठासून सांगतं. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले जुने निकाल कोर्टापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५००० डॉलरचा दंड केला. शिकलेसवरलेले वकील जिथे फसले, तिथे सहावीतल्या पोरानं काय करावं? त्यात मराठीची आणखी अडचण. इंटरनेटवर इंग्रजीचा महासागर आहे, त्यापुढे मराठी मजकूर म्हणजे विहीर. आपल्या गावांबद्दलचा, सणांबद्दलचा, शेतीबद्दलचा मजकूर तर त्याहून कमी. जिथे माहिती नाही तिथे यंत्र कल्पनेनं भरून काढतं.

आमच्या गावात आम्ही बायका मिळून संध्याकाळची एक अभ्यासिका चालवतो. तिथल्या एका मुलीला प्रकल्पासाठी गावच्या जत्रेची माहिती हवी होती. तिनं भावाच्या मोबाईलवर विचारलं. यंत्रानं जत्रेची तिथी दिली, देवीची दंतकथा दिली, पालखीचा रस्तासुद्धा दिला. तिनं ते आजीला वाचून दाखवलं, तर आजीनं कपाळाला हात लावला. 'अगं, आपल्या जत्रेत पालखी निघतच नाही, काठ्या निघतात!' मग आजी जी बोलायला लागली ती दोन संध्याकाळी बोलत होती. कोणत्या घराण्याची काठी पुढे असते, दुष्काळाच्या वर्षी जत्रा कशी झाली, लग्नाआधी ती स्वतः जत्रेत काय विकायची. मुलीनं ते आपल्या शब्दांत लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. पण ती माहिती जगातल्या कुठल्याही यंत्राकडे नव्हती, फक्त त्या आजीकडे होती. आजीची ही शिदोरी लिहून ठेवणारं कुणी नसेल, तर उद्याच्या मुलांना यंत्राचीच दंतकथा खरी वाटेल.

आपल्या पानाच्या वाचकांनी लक्ष द्यावं अशी आणखी एक गोष्ट आहे. 'चूल आणि मूल' ही जोडी यंत्राच्याही डोक्यात पक्की बसलेली आहे. युनेस्कोनं मार्च २०२४ मध्ये अशा काही यंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. एका यंत्रानं रचलेल्या गोष्टींत बायका घरकामाच्या भूमिकेत पुरुषांच्या चौपट वेळा आल्या होत्या. बाईच्या नावाभोवती घर, कुटुंब, मुलं हे शब्द. पुरुषाच्या नावाभोवती व्यवसाय, पगार, करिअर. यात नवल नाही, आपल्याच समाजानं लिहिलेलं वाचून ते शिकलंय. पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आईच्या हातात नेहमी लाटणंच का, असं विचारत विचारत आपण कुठे ती चित्रं बदलायला लागलो होतो. पाठ्यपुस्तक बदलायला मंडळ असतं, समिती असते, पत्र तरी पाठवता येतं. मोबाईलमधून रोज नव्यानं लिहिल्या जाणाऱ्या गोष्टीची तक्रार कुठल्या दारी न्यायची?

आणि हा मोबाईल घरात असतो तरी कुणाच्या हाती? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीचा २०२४ सालचा अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांबद्दल सांगतो, की १४ ते १६ वयाची ८० टक्क्यांहून जास्त मुलं-मुली स्मार्टफोन चालवू शकतात. पण ज्यांना चालवता येतो, त्यांतल्या स्वतःचा फोन असणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ३६ टक्के, तर मुलींचं २७ टक्के. भावाचा फोन त्याच्या खिशात. बहिणीनं भांडी घासून झाल्यावर, तेही कुणाच्या तरी डोळ्यांदेखत मागून घ्यायचा. म्हणजे या यंत्राचा तोटा मुलाला होणार असेल तर फायद्यातही मुलगी मागेच. दोन्हीकडून विचार करावा लागतो तो असा.

कारण फायदा आहेच, तो नाकारून कसं चालेल? ज्या आईचं शिक्षण सातवीत सुटलं, तिला नववीतल्या मुलीचं बीजगणित समजावता येत नाही. शहरातल्या मुलीला शिकवणी लावली जाते, हिला कोण लावणार? तिला रात्री नऊ वाजता न कंटाळता, न हसता, दहा वेळा तीच पायरी समजावणारं कुणी मिळालं, तर ती मोठीच गोष्ट आहे. दृष्टिहीन मुलांना फोटोतला मजकूर वाचून दाखवणं, इंग्रजी उतारा मराठीत समजावणं, हेही ते करतं. घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढणाऱ्या मुलांच्या तोंडचा हा घास आपण 'संस्कार बिघडतात' म्हणून काढून घेऊ नये. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती उठवली. बंदीनं प्रश्न सुटत नाही, तो शाळेच्या फाटकाबाहेर जातो इतकंच.

पण घाईनंही तो सुटत नाही. दक्षिण कोरियासारख्या तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशानं मार्च २०२५ मध्ये गणित, इंग्रजी आणि संगणक या विषयांसाठी एआयची पाठ्यपुस्तकं शाळांत आणली. चुका, शिक्षकांवरचा वाढता भार, पालकांची नाराजी असं सगळं पुढे आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांचा अधिकृत पाठ्यपुस्तकाचा दर्जाच काढून टाकला. स्वीडननं २०२३ पासून छापील पुस्तकांसाठी पुन्हा सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रं दोन्ही भरपूर आहेत, ते देश थांबून विचार करताहेत. आपल्याकडे सीबीएसईनं २०१९ मध्ये नववीसाठी एआय हा विषय आणला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआयची ओळख करून देण्याचं जाहीर केलं. एआय म्हणजे काय, ते फसतं कुठे, हे मुलांना शिकवणं वेगळं आणि मुलांच्या हाती ते सोपवणं वेगळं. पहिलं जरूर व्हावं. दुसऱ्याबाबत युनेस्कोनं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलंय, की वर्गात अशी साधनं वापरायला किमान वय १३ वर्षं असावं. म्हणजे आपल्याकडची साधारण आठवी.

तेव्हा तिसरीतल्या मुलाला एआय शिकवायचं ठरलं, की पालक सभेत हात वर करून विचारायला लागा. 'शिकवणार म्हणजे नेमकं काय करणार? शिक्षकांना प्रशिक्षण कधी दिलं? मुलांची माहिती कुठल्या कंपनीकडे जाते?' हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, आई असलं तरी पुरतं.

माहितीवरून आठवलं. २०२५ मध्ये आपल्या देशात ही यंत्रं फुकट वाटण्याची चढाओढच लागली होती. जुलैमध्ये एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी एक वर्ष मोफत, ऑक्टोबरमध्ये जिओसोबत जेमिनाय १८ महिने मोफत, नोव्हेंबरपासून ओपनएआयची 'गो' योजना वर्षभर मोफत. आपल्यात 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात खरं. पण बाजारात जाणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, पहिली वाटी चाखायला फुकट देणारा दुकानदार पुढच्या पोत्याचे पैसे लावतो. इथे सवय लागते ती आपल्या मुलांना, आणि शिकण्यासाठी वापरलं जातं ते त्यांचं बोलणं. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल हे 'बालक' आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीशीर परवानगी घ्यायची आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. कायदा कागदावर राहू द्यायचा नसेल तर तो आपल्याला माहीत तरी हवा.

सर्वांत नाजूक गोष्ट शेवटी सांगते. यंत्र रागावत नाही, कंटाळत नाही, सारखं कौतुक करतं. गृहपाठासाठी उघडलेलं पान हळूहळू मनातलं बोलायची जागा होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका १६ वर्षांच्या मुलानं एप्रिल २०२५ मध्ये जीवन संपवलं. त्याच्या आईवडिलांनी ऑगस्टमध्ये ओपनएआयवर खटला भरला. सुरुवात शाळेच्या अभ्यासासाठी चॅटजीपीटी वापरण्यापासून झाली आणि पुढे मनातली निराशा तो माणसांऐवजी त्यालाच सांगत गेला, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं पालकांना लक्ष ठेवता येईल अशी सोय आणली. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण दहावीचं वर्ष, घरातली बोलणी, मार्कांचा धाक, यांनी कोंडलेलं मूल रात्री पांघरुणात मोबाईलशी बोलत असेल, तर 'बंद कर तो मोबाईल' म्हणण्याआधी त्याच्या अंथरुणाशेजारी पाच मिनिटं बसावं. जे तो यंत्राला सांगतो, ते ऐकायला घरात कुणाला वेळ नव्हता का, हा प्रश्न आपला आहे, कंपनीचा नाही.

मग घरी करायचं काय? मला सुचलेल्या चार गोष्टी सांगते, तंत्रज्ञान न कळणारीलाही जमतील अशा. गृहपाठ झाला म्हटल्यावर वही बघू नका, 'मला सांग' म्हणा. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. जे मुलाला कळलेलं असतं ते तो आपल्याला मराठीत सांगू शकतो. अडखळला की समजावं. दुसरं, आधी स्वतः लिहायचं आणि मगच यंत्राला विचारायचं, असा घराचा नियम करा. 'उत्तर दे' असं न विचारता 'माझं कुठे चुकलं ते सांग' किंवा 'नुसता इशारा दे' असं विचारायला शिकवा. तिसरं, यंत्रानं सांगितलेली एखादी तरी गोष्ट पुस्तकात किंवा माणसाला विचारून पडताळायला लावा. चुका पकडायची मुलांना फार हौस असते, ती इथे कामी आणावी. आणि चौथं, मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागू दे. हा नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा, आणि दिवसा अभ्यासाला मिळणारा वेळही दोघांना सारखा.

शाळांनाही एक विनंती. 'पावसाळा' असा निबंध दिला की यंत्राला लिहायला सोपं जातं. 'यंदा आपल्या ओढ्याला पाणी कधी आलं, आणि तुझ्या घरी कोण भिजलं?' असा विषय दिला, तर मुलाला खिडकीबाहेर पाहावंच लागेल. दोन ओळी तोंडी विचारल्या तर सॉफ्टवेअरची गरज उरणार नाही. यासाठी वर्गात मुलं कमी आणि शिक्षकांना वेळ जास्त हवा. एआयवर खर्च करायला पैसा आहे म्हणतात, तर तो आधी रिकाम्या जागांवर शिक्षक नेमायला खर्च व्हावा, ही मागणी आपण बायकांनी जोरानं लावून धरायला हवी.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या जातीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं लिहिलं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकातून उतरवलेलं नव्हतं. तोवर कुणी लिहिलेलंच नव्हतं, तर उतरवणार कुठून? जे आधी हजारदा लिहिलं गेलंय, तेच यंत्राला लिहिता येतं. आपल्या वस्तीत, आपल्या घरात, आपल्या आईच्या हाताशी जे घडतं ते अजून कुणी लिहिलेलं नाही. ते लिहायला मुलींना शाळेत पाठवण्यासाठी सावित्रीबाईंनी शेणमातीचा मारा सोसला.

तुमच्या घरात, तुमच्या गावच्या शाळेत या यंत्राचा काय अनुभव आहे? मुलांना फायदा झाला असेल तर तोही सांगा, नुसत्या तक्रारी नकोत. पत्र हातानं लिहिलेलं असलं, शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी मुळीच हरकत नाही. तुमच्या मुलीनं लिहिलेला खराखुरा 'माझी आई' निबंध सोबत पाठवलात तर फारच आवडेल.